‘तिला दोन नंबर चेंबरला पाठवू नका’: कुपवाडच्या एका बेदाणा युनिटमधलं प्रकरण

हे प्रकरण मी बाहेरून बघितलेलं नाही. त्या युनिटचा व्यवस्थापक मीच होतो. कंपनीचं आणि माणसांची नावं दिलेली नाहीत, ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा चौकशीतली माहिती बाहेर सांगायला मनाई करतो. न्याय कसा मिळाला हे मात्र कुणाची ओळख पटणार नाही अशा बेताने सांगता येतं. तेवढ्याच मर्यादेत लिहितोय. ज्या ताईंची ही तक्रार होती त्यांना आधी वाचून दाखवलं, त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली, ती केली.

पार्श्वभूमी

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतलं युनिट. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ भागातून येणारा बेदाणा इथे काडी काढून, चाळून, धुऊन, रंग आणि आकाराप्रमाणे निवडला जातो आणि पेट्या भरून कोल्ड स्टोरेजला लागतो. कंपनीच्या पगारपत्रकावर 22 माणसं. निवडीच्या पट्ट्यावर 52 बायका, सगळ्या ठेकेदारामार्फत. बुधगाव, कवलापूर, तानंग या बाजूने त्या वडापने, म्हणजे शेअर गाडीने येतात. सकाळी 8 ते साडेचार पाळी. माल जास्त असला की साडेसहापर्यंत दोन तास ओव्हरटाइम, त्याचा दर दुप्पट.

त्या दोन तासांचं महत्त्व मला त्या वेळी नीट कळलेलं नव्हतं. रोज 480 रुपये. तासाचे साठ, दुपटीने एकशेवीस, म्हणजे ओव्हरटाइमचे दिवसाला 240. घरात पोरांच्या फीचा किंवा बचत गटाच्या हप्त्याचा विषय असला की बायका हे 240 धरूनच हिशोब करतात. ओव्हरटाइमला रोज साधारण वीसजणी लागायच्या. कोण थांबणार ते निवड विभागाचा सुपरवायझर दुपारी तीनच्या चहाला ठरवायचा, तोंडी. हजेरीही तोच मांडायचा. कोल्ड स्टोरेजच्या चेंबरमध्ये पेट्या मोजायला कुणाला पाठवायचं हेही त्याच्याच हातात. अकरा वर्षं कामावर होता, बेदाण्याची पारख उत्तम, मालकांचा विश्वास. एका माणसाच्या हातात इतकं काही आहे याकडे मी कधी धोका म्हणून बघितलंच नाही. काम सुरळीत चालतंय एवढंच बघत होतो.

अशा तक्रारींची चौकशी करणारी, याच कायद्याखालची अंतर्गत समिती होती, कागदावर. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर ती लागतेच, म्हणून दोन वर्षांपूर्वी आदेश काढलेला. अध्यक्ष म्हणून ज्यांचं नाव होतं त्या अकाउंट्सच्या मॅडम आठ महिन्यांपूर्वी नोकरी सोडून गेल्या होत्या. बाहेरच्या सदस्य मिरजेतल्या, महिलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेतल्या. त्यांना दोन वर्षांत एकदाही बोलावलं नव्हतं. समितीचा फलक इंग्रजीत होता आणि ऑफिसच्या आतल्या बोळात लावलेला, जिथे निवडीच्या बायका कधी येत नाहीत. वर्षातून एकदा प्रशिक्षण व्हायचं ते पगारपत्रकावरच्या 22 जणांचं. सह्या घ्यायच्या, फोटो काढायचा, फाइलला लावायचा. ठेकेदारामार्फत आलेल्या बायकांना बोलवायचं मला सुचलंच नाही. कायद्याच्या व्याख्येत कायम, हंगामी, रोजंदारीवरचे, शिकाऊ आणि ठेकेदारामार्फत आलेले, सगळे कर्मचारीच असतात. हे मी वाचलेलं होतं. आपल्या पट्ट्यावरच्या बायकांशी जोडून बघितलं नव्हतं.

सुरुवात आणि पहिले दहा दिवस

ऑगस्टचा दुसरा आठवडा. गणपती, दसरा, दिवाळी या काळात बेदाण्याला मागणी असते, त्यामुळे गाड्या रोज भरत होत्या. एका सोमवारी सकाळी मी वजनकाट्यावर उभा होतो. निवडीच्या पट्ट्यावरच्या सगळ्यांत जुन्या मावशी माझ्यापाशी आल्या. म्हणाल्या, “साहेब, तिला दोन नंबर चेंबरला पाठवू नका.” कुणाला, ते नजरेने दाखवलं.

मी विचारलं, “का हो मावशी?”

“पाठवू नका, एवढंच सांगत्ये.”

गाडीवाला हाका मारत होता. मी “बघतो” म्हटलं आणि विसरलो.

या प्रकरणातला पहिला निर्णय मी तिथे घेतला, आणि तो निर्णय होता हे मला कळलंही नाही. मावशी बारा वर्षांत कधी माझ्यापाशी कामाबाहेरचं बोलल्या नव्हत्या. त्या चालत वजनकाट्यापर्यंत आल्या, याचाच अर्थ लावायला हवा होता. आमच्या भागात बायका अशी गोष्ट सरळ नाव घेऊन सांगत नाहीत. “त्या बाजूला पाठवू नका”, “माझी जागा बदला”, “मला आज लवकर सोडा”, “त्यांच्याबरोबर नको” अशा वाक्यांतूनच ती बाहेर येते. सहीचा कागद हातात येईल तेव्हाच तक्रार सुरू होते असं मी समजत होतो.

पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारी ताई स्वतः केबिनच्या दारात आल्या. बरोबर मावशी. ताईंचं वय तिशीच्या आतबाहेर, तीन वर्षं कामावर. त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. सहा-सात महिन्यांपासून सुपरवायझर ट्रे तपासायच्या निमित्ताने मागे येऊन उभा राहतो, खांद्यावर हात ठेवतो. जुलैपासून रात्री मेसेज सुरू झाले. “झोपलीस का”, मग फोटो पाठव, मग नको ते व्हिडिओ. “ओव्हरटाइमला नाव पाहिजे तर जरा हसून बोलत जा” हे तीनच्या चहाला, दोघी-तिघींच्या समोर. त्यांनी नंबर ब्लॉक केला आणि त्या दिवसापासून ओव्हरटाइमच्या यादीतून नाव गेलं. दहा दिवसांपूर्वीच्या शनिवारी दोन नंबर चेंबरमध्ये पेट्या मोजायला एकटीला पाठवलं, मागून तो आत आला, दार ओढलं आणि हात धरला. चेंबरचं दार जाड, आतला आवाज बाहेर येत नाही. त्या हाताला हिसका देऊन बाहेर आल्या आणि पाळी अर्धी टाकून घरी गेल्या. रजिस्टरला त्यांची अर्धी हजेरी लागली होती. मांडणारा तोच.

मी काय बोललो ते लिहितो, कारण माझ्यासारखे बरेच जण हेच बोलतात. पहिला प्रश्न विचारला, “इतके दिवस का नाही सांगितलंत?” दुसरा, “मग आता तुम्हाला नक्की काय पाहिजे?” आणि तिसरं वाक्य, जे मला त्या वेळी फार समजूतदारपणाचं वाटलं होतं: “उद्यापासून तुम्ही पॅकिंगला बसा, त्याचा संबंधच येणार नाही.”

ताई म्हणाल्या, “साहेब, म्हंजे शिक्षा मलाच की.”

पॅकिंगला ओव्हरटाइम नसतो. पॅकिंगची पाळी तासभर आधी सुटते, म्हणजे गावच्या बायकांचं वडाप सोडून एकटीने जायचं. आणि पट्ट्यावरच्या 51 जणींना दुसऱ्या दिवशी दिसणार की तक्रार केली तिला हलवलं, ज्याच्यावर केली तो तिथेच आहे. यातलं काहीच माझ्या डोक्यात आलेलं नव्हतं. तिला त्याच्या नजरेआड केलं की तिचं रक्षण झालं, एवढाच माझा हिशोब.

समोर असलेले पर्याय

संध्याकाळी मालकांना फोन केला. ते म्हणाले, “दिवाळी तोंडावर आहे. त्याला बोलवा, चांगली समज द्या, बसून मिटवा.” ठेकेदाराला कळवलं, कारण ताई त्याच्यामार्फत होत्या. तो लगेच म्हणाला, “काय अडचण नाही साहेब, बाई बदलून देतो.” हे बोलताना त्याला काही वावगं वाटलं नाही. मशीनचा पार्ट बदलून द्यावा तसं तो म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यात मला माझंच पॅकिंगचं वाक्य ऐकू आलं.

रात्री जुना आदेश शोधून बाहेरच्या सदस्य मॅडमना फोन लावला. पाऊण तास बोललो. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, “तुम्ही त्या माणसाशी बोललात का?” नाही म्हटल्यावर म्हणाल्या, “बरं झालं. बोलू नका. चौकशी तुम्ही करायची नाही. तुम्ही ऐकायचं, बाईला सुरक्षित करायचं, कागदपत्रं राखायची आणि समितीपुढं न्यायचं.”

मग एकेक पर्याय बघितला. तोंडी समज दिली तर कागदावर काही राहत नाही. त्याला नाव कळतं आणि यादी त्याच्याच हातात असते. ठेकेदाराकडून बाई बदलणं म्हणजे तक्रार केली म्हणून काम घालवणं. कायद्यात समेटाची तरतूद आहे, कलम 10. पण तो चौकशी सुरू होण्याआधी आणि फक्त तक्रारदार बाईने मागितला तरच करता येतो, आणि पैसे देऊन मिटवणं हा समेटाचा पाया असूच शकत नाही. मालक म्हणत होते ते “बसून मिटवणं” या कलमात बसत नव्हतं, कारण ते बाई मागत नव्हती, आम्ही मागत होतो. पोलिसांत जायचा मार्ग वेगळा. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे, तिचं कलम 75 लैंगिक छळाबद्दलचं. ताईंनी ठरवलं तर त्यांना तिथे मदत करणं हे मालकाचं कर्तव्यच आहे, आणि समितीत तक्रार केली म्हणून तो मार्ग बंद होत नाही. जिल्हाधिकाऱ्यांमार्फत नेमलेली स्थानिक समिती असते ती दहापेक्षा कमी माणसांच्या जागांसाठी किंवा खुद्द मालकाविरुद्धच्या तक्रारीसाठी. आमचं प्रकरण त्यात येत नव्हतं.

मॅडमनी सांगितलं म्हणून दुसऱ्या दिवशी हे सगळे मार्ग ताईंना मी मराठीत, कागदावर न वाचता, समजावून सांगितले. या वेळी मॅडमही समोर होत्या. ताईंनी दोन गोष्टी सांगितल्या. काम सोडणार नाही. आणि घरी कळू देऊ नका.

केलेली कारवाई

समिती नव्याने उभी करायची होती. युनिटमध्ये वरच्या पदावर बाई उरलीच नव्हती. अशा वेळी त्याच मालकाच्या दुसऱ्या युनिटमधून अध्यक्ष घेता येते. तासगावच्या युनिटमधल्या क्वालिटीच्या मॅडमना विचारलं, त्यांनी एक रात्र मागून होकार दिला. सदस्य म्हणून अकाउंट्समधली एक मुलगी, मेंटेनन्सचे एक फिटर, ज्यांचा शब्द सगळे मानतात, आणि बाहेरच्या मॅडम. मला मावशींना घ्यायचं होतं. बाहेरच्या मॅडमनी अडवलं: “त्या साक्षीदार होणार आहेत. सदस्य केलंत तर साक्षही जाईल आणि समितीही.” चार दिवसांत आदेश निघाला.

त्याच दिवशी सगळ्यांत मोठी चूक झाली. ताई तक्रार लिहून द्यायला कधी येणार हे विचारायला क्लार्कने रजिस्टरवरच्या नंबरला फोन लावला. तो नंबर ताईंच्या पतींचा होता. ठेकेदाराने भरती करताना सगळ्याच बायकांचे घरच्या पुरुषांचे नंबर लिहिले होते. क्लार्क फोनवर “तक्रारीसंदर्भात” एवढंच म्हणाला. दोष क्लार्कचा नव्हता, मी त्याला काही सांगितलेलंच नव्हतं. त्या रात्री ताईंना घरी सगळं सांगावं लागलं. आपण कधी, कुणाला, किती सांगायचं हा त्यांचा हक्क होता, तो आम्ही एका फोनने काढून घेतला.

सकाळी गेटवर त्यांचे पती आणि चुलत दीर उभे. सुपरवायझरला बाहेर काढा म्हणत होते. मी गेटवर बोलायचं टाळलं, दोघांना आत बसवलं, पाणी दिलं, आणि ताईंना विचारलं की तुम्ही असताना बोलू की तुम्ही नसताना. त्या म्हणाल्या, “मी बसते.” बाहेरच्या मॅडम येईपर्यंत तासभर तसंच बसून राहिलो. पती सारखं म्हणत होते, “तिला घरी नेतो, नको हे काम.” ताई शेवटी एवढंच बोलल्या, “मी का सोडू? त्यानं सोडावं.” त्यानंतर पती गप्प झाले. पुढच्या दोन महिन्यांत चौकशीच्या दिवशी तेच त्यांना गाडीवरून सोडायला येत होते. हे आमच्यामुळे झालं नाही, आमच्या चुकीतून ताईंनी ते सावरलं. दुसऱ्या एखाद्या घरात याच फोनने बाईची नोकरी गेली असती, कदाचित हाडंही मोडली असती.

तक्रार लेखी लागते. पण बाईला लिहिता येत नसेल तर समितीने लिहायला मदत करायची असते, हेही कायद्यातच आहे. अकाउंट्सच्या मुलीने लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. तिने लिहिलं होतं, “सुपरवायझर यांनी गैरवर्तन केले.” ताई म्हणाल्या, “गैरवर्तन म्हंजे काय? खांद्यावर हात ठेवला असं लिवा. हात धरला असं लिवा.” मग कागद पुन्हा लिहिला, त्यांच्याच शब्दांत, तारखा आठवतील तशा. तारीख आठवली नाही तिथे “नागपंचमीच्या आदल्या दिवशी” असं लिहिलं, नंतर कॅलेंडरवरून लावलं. तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिने, घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून. समितीला कारण पटलं तर आणखी तीन महिने वाढवता येतात. इथे शेवटची घटना पंधरा दिवसांपूर्वीची होती.

कलम 12 खाली ताईंनी अर्ज दिला आणि समितीने अंतरिम शिफारस केली. चौकशी संपेपर्यंत सुपरवायझर तासगावला, त्याच पगारावर. ताई पट्ट्यावर आपल्या जागेवर. हजेरी आणि ओव्हरटाइमची यादी लॅबकडे.

मालक इथे अडले. माल कोण बघणार हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. मी आधी कायद्याचं सांगितलं: समिती नसणं किंवा कायदा न पाळणं याला 50,000 रुपयांपर्यंत दंड, पुन्हा घडलं तर दुप्पट आणि परवान्यापर्यंत गोष्ट जाते. ते ऐकून घेतलं, पण हलले नाहीत. मग ओव्हरटाइमचं रजिस्टर पुढे ठेवलं. म्हटलं, “मालक, हे पैसे तुमचे आहेत. तो ते वाटत होता, आणि कशाच्या बदल्यात वाटत होता ते बघा.” त्यांनी रजिस्टर बराच वेळ बघितलं आणि सही केली.

चौकशी

सात कामकाजी दिवसांच्या आत तक्रारीची प्रत सुपरवायझरला दिली, उत्तराला दहा कामकाजी दिवस. त्याने सगळं नाकारलं. पट्ट्यावर गर्दी असते, हात लागतो, कामावरून बोललो त्याचा राग काढतेय, असं त्याचं म्हणणं. वकील दोन्ही बाजूंना आणता येत नाही, तो कुणी आणला नाही. दोघांना समोरासमोर बसवलं नाही. त्याचे प्रश्न त्याने लिहून दिले, अध्यक्षांनी विचारले. त्यालाही साक्षीदार आणायची, कागद बघायची पूर्ण संधी दिली. बाहेरच्या मॅडम याबाबत फार कडक होत्या. त्याच्या बाजूने एक पायरी जरी चुकली तर उद्या अपिलात बाईचंच नुकसान होतं, असं त्या म्हणायच्या.

मेसेज त्याने दोन्हीकडून पुसले होते. ताईंकडे तीन स्क्रीनशॉट उरले होते, त्यांच्या बारावीतल्या पुतणीने काढून ठेवलेले. साक्षीदार म्हणून पाच जणींची नावं होती. दोघी आल्या नाहीत, एक आली आणि “मला काय म्हाईत न्हाय” म्हणून गेली. मी तिला दोष देत नाही, तिची ओव्हरटाइमची यादी वर्षानुवर्षं त्याच हातात होती. मावशी आणि आणखी एक बोलल्या.

सगळ्यांत बोलका साक्षीदार ठरलं रजिस्टर. आधीचे सात आठवडे ताईंना ओव्हरटाइम जवळजवळ रोज. नंबर ब्लॉक केल्यानंतरचे तीन आठवडे, 18 कामाचे दिवस, एकही नाही. त्याच दिवसांत ओव्हरटाइमला रोज विसाच्या आसपास बायका होत्या आणि माल कमी झालेला नव्हता. त्याला कारण विचारलं. “हात हळू चालायला लागला” म्हणाला. लॅबच्या नोंदीत तिची निवड तशीच होती.

आणि कॅमेरा. चेंबरच्या आत कॅमेरा नव्हता, पण बाहेरच्या लॉबीत होता. ताई आत कधी गेल्या, मागून कोण गेलं, दार किती वेळ बंद होतं, ताई कशा बाहेर आल्या, हे सगळं त्यात असणार. समितीने घटनेनंतर सतराव्या दिवशी मागितलं. रेकॉर्डिंग पंधरा दिवसांचं राहायचं. दोन दिवस आधी ते पुसलं गेलं होतं. मावशी वजनकाट्यावर आल्या तो दुसरा दिवस होता. ताई केबिनमध्ये आल्या तो दहावा. दोन्ही वेळा फुटेज तिथेच होतं आणि ते काढून ठेवायचा अधिकार फक्त माझ्याकडे होता.

निष्कर्ष आणि परिणाम

नव्वद दिवसांची मुदत, चौसष्टाव्या दिवशी चौकशी संपली, आठ दिवसांत अहवाल आला. खांद्यावर हात, मेसेज आणि व्हिडिओ, ओव्हरटाइम अडवणं हे सिद्ध. चेंबरच्या घटनेबद्दल बहुमताने लिहिलं की पुराव्याअभावी निष्कर्ष काढता येत नाही. बाहेरच्या मॅडमनी वेगळं मत नोंदवलं: बाकी सगळ्या बाबतीत बाईचं सांगणं खरं ठरलं असताना इथेच पुरावा अपुरा म्हणणं त्यांना मान्य नव्हतं. मलाही नाही, पण माझं मत तिथे नव्हतं.

हा मुद्दा पुढे त्रासदायक ठरला. सुपरवायझरच्या बाजूचे चार जण कॅन्टीनमध्ये म्हणायला लागले की चेंबरचं खोटं होतं. सिद्ध न होणं आणि खोटं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कलम 14 स्पष्ट सांगतं की केवळ पुरावा देता आला नाही म्हणून बाईवर कारवाई होऊ शकत नाही. पण अहवालातलं काही बाहेर सांगायचं नाही, म्हणून ते खोडताही येईना. शेवटी मी चौघांना एकेकटं बोलावून सांगितलं की या प्रकरणाबद्दल कामावर बोलणं हे शिस्तभंगात धरलं जाईल. बोलणं थांबलं. मनातलं थांबलं असेल असं नाही.

शिफारस अशी: सुपरवायझरपदावरून कायमचं खाली, दोन वेतनवाढी बंद, लेखी माफी, आणि 25,000 रुपये भरपाई त्याच्या पगारातून पाच हप्त्यांत. त्यात बुडालेल्या ओव्हरटाइमचे 4,320 धरलेले. मालकांनी साठ दिवसांच्या मुदतीतल्या बाविसाव्या दिवशी सगळं मान्य केलं. अपिलाची मुदत नव्वद दिवसांची, त्याने केलं नाही. दोन हप्ते कापले गेल्यावर राजीनामा दिला, उरलेली रक्कम त्याच्या शेवटच्या हिशोबातून वळती केली. शनिवारची अर्धी हजेरी पूर्ण केली. ती रक्कम सगळ्यांत लहान होती, पण ताईंनी पगारपत्रकात पहिल्यांदा तीच बघितली.

पोलिसांत ताई गेल्या नाहीत. तो निर्णय त्यांचा होता. त्या अजून पट्ट्यावर आहेत.

काय बदललं, आणि वेगळं काय करता आलं असतं

ओव्हरटाइमची यादी आता पाळीपाळीने लागते, आदल्या दिवशी, भिंतीवर. चेंबरला दोघी-दोघीच जातात, लॉबीचं रेकॉर्डिंग साठ दिवस राहतं. फलक मराठीत आहे, बायकांच्या स्वच्छतागृहाच्या बाहेर आणि वडाप थांबतं तिथल्या भिंतीवर. समितीच्या सदस्यांचे फोन नंबर त्यावर आहेत. प्रत्येक बाईला विचारून नंबर लिहिला जातो: तुम्हाला कुठल्या नंबरवर, कोणत्या वेळी फोन केलेला चालेल. प्रशिक्षण पट्ट्यावरच, चहाच्या वेळेला जोडून, पगारी तासात होतं. पहिल्याच बैठकीनंतर दोघींनी आधीच्या वर्षांतल्या गोष्टी सांगितल्या, त्याच माणसाबद्दल. त्यांना तक्रार करायची नव्हती. ऐकून घेतलं.

माझ्यापुरतं म्हणाल तर मावशींच्या त्या वाक्यानंतर मला पाचच मिनिटं द्यायची होती. गाडी थांबली असती. खोदून विचारायचं नव्हतं, त्या सांगणार नव्हत्याच. “बरं, आजपासून तिला एकटीला पाठवत नाही. आणि तुम्हाला किंवा तिला कधी बोलावंसं वाटलं तर या मॅडमचा हा नंबर” एवढं पुरलं असतं. आणि त्याच दुपारी कॅमेऱ्याची प्रत काढून कपाटात ठेवली असती तर कुणावर आरोप झाला नसता आणि पुरावाही राहिला असता.

केबिनमध्ये विचारले ते दोन प्रश्न मी आता नव्या सुपरवायझरांना मुद्दाम सांगतो, विचारू नका म्हणून. त्याऐवजी काय म्हणावं हे मॅडमनी शिकवलं ते असं: “सांगितलंत ते बरं केलंत. हे मला समितीपर्यंत न्यावं लागेल, माझ्यापुरतं ठेवतो असं वचन देत नाही. पण पुढं काय होतंय ते तुम्हाला आधी कळेल. आत्ता कामावर कुठं आणि कुणाबरोबर असावं असं वाटतं?” पूर्ण गुप्ततेचं वचन द्यायचा मोह फार होतो, समोरची बाई घाबरलेली असते. पण पाळता येणार नाही ते वचन दिलं की दुसऱ्यांदा ती कुणाकडेच जात नाही.

एक गोष्ट मला अजून सुटलेली नाही. राजीनाम्यानंतर चार महिन्यांनी पलीकडच्या एका युनिटमधून फोन आला. तो तिथे निवड विभागासाठी गेला होता. “माणूस कसा आहे, का सोडलं?” त्यांच्या पट्ट्यावरही बायकाच असणार. मी पद सांगितलं, कामावर होता त्या तारखा सांगितल्या आणि म्हटलं, याहून जास्त मला सांगता येत नाही. पलीकडच्याने थोडा वेळ थांबून “बरं” म्हटलं. तो काय समजला ते मला माहीत नाही. मी त्याला उलट एकच प्रश्न विचारला: “तुमच्याकडं ओव्हरटाइमची यादी कोण करतं?”